दाईच्या महालानं दिलेली ओ

आमच्या देवासच्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "श्रीकांतराव, तुम्ही एवढ्या मोठ्या पदांवर राहिलात. नव्या पिढीला यशाची गुरुकिल्ली सांगा." मी म्हटलं, बाई, नवी पिढी मराठी वाचत नाही आणि जुन्या पिढीला स्वतःच्या कपाटाची किल्ली सापडत नाही, त्यात माझ्या गुरुकिल्लीची भर कशाला? त्या हसल्या नाहीत. "मग जे सुचेल ते लिहा," म्हणाल्या, आणि भुट्ट्याच्या किसाची बशी साफ करून गेल्या.

तर जे सुचलं ते हे. माझी बायको शुभा हिच्या मते मी आयुष्यभर एकच धंदा केला, तो म्हणजे दुसऱ्याच्या वस्तू विकण्याचा. म्हणणं खोटं नाही. किराणा दुकानदाराकडे निदान गूळ तरी असतो. प्रवासी कंपनीवाल्याकडे स्वतःचं काही म्हणजे काही नसतं. गाडी रेल्वेची, खोली हॉटेलवाल्याची, डोंगर देवाचा आणि किल्ला कुठल्यातरी सुलतानाचा. आम्ही काय करतो, तर या सगळ्या गोष्टी ठरल्या दिवशी एका रांगेत उभ्या करतो, आणि त्यातली एखादी रांगेतून निसटली की शिव्या खातो. देवासच्या बसस्टँडजवळ एक टेबल आणि एक फोन एवढ्यावर मी ही कंपनी काढली. पुढे इंदूरला आणि धारला शाखा झाल्या, टेबलं वाढली, शिव्याही वाढल्या. शेवटची काही वर्षं सरकारनं मला बाहेरून बोलावून पर्यटन महामंडळाच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसवलं. तिथे वस्तू सरकारच्या होत्या, एवढाच फरक.

आमचं घर थोरल्या पातीत आणि ऑफिस धाकट्या पातीत. एकाच गावात दोन राजे नांदले, त्यामुळे देवासचा माणूस दोन्हीकडे मान डोलवायला आईच्या पोटातूनच शिकून येतो. त्या विद्येचा मला धंद्यात उपयोग झाला. सरकारात तर फारच झाला.

गाड्या सांभाळायला बंडूभिया मोरे होता. त्याचे पूर्वज संस्थानच्या पागेत घोडे बघायचे. घोडे गेले, मोटारी आल्या, पण गाडीला थोपटल्याशिवाय बंडूभिया अजूनही किल्ली फिरवत नाही. माझ्या धंद्याचे सगळे साक्षीपुरावे त्याच्याकडे आहेत, म्हणून त्याला मी दर दिवाळीला जपून असतो.

आता ज्या जागेची ही हकीकत आहे ती सांगतो. धारहून मांडूला गेलात आणि गावातून रेवाकुंडाकडे निघालात, की वाटेत रस्त्याच्या कडेला एक मोकळी जागा लागते. समोर थोड्या अंतरावर दाईचा महाल उभा आहे. इथे उभं राहून हाक मारली की महाल ती परत करतो. बाकी बघायला काही नाही. मांडूला पाण्यात उभे महाल आहेत, संगमरवरी कबर आहे, ढगांत बुडालेल्या दऱ्या आहेत, पण घरी गेल्यावर माणसं सांगतात ती याच जागेची गोष्ट. हाक मारून दाखवायला तिथे कैलास असायचा. डोक्यावर क्रिकेटची टोपी, गळ्यात मफलर, आणि आवाज असा की बैल उधळावा. तो "कौन है रे?" असं ओरडायचा आणि महाल त्यालाच उलट विचारायचा.

माझ्या पहिल्याच मोठ्या सहलीत नाशिकहून निवृत्त मंडळींची बस आली होती. त्यात जोशी नावाचे एक गृहस्थ होते. छापलेला कार्यक्रम त्यांच्या खिशात, आणि एकेक स्थळ बघून झालं की पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचे. प्रतिध्वनीच्या जागी त्यांनी घसा साफ करून हाक मारली. काही आलं नाही. पुन्हा मारली. तरी नाही. कारण साधं होतं. ऊन होतं, आतल्या बायकांना गार वारा हवा होता, म्हणून बंडूभियानं बसचं इंजीन चालू ठेवलं होतं. त्या घरघरीत महालाची बिचाऱ्याची डाळ शिजेना. जोशी खाली उतरलेले होते ते वर चढले आणि कार्यक्रमावर फुली मारून माझ्यासमोर धरली.

"छापलंय, पण दिलेलं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, उत्तर देणं महालाच्या हातात आहे."

"मग महालाला विचारून छापायचं होतंत."

त्या माणसाचा तेव्हा मला संताप आला होता. आज वाटतं, आमच्या धंद्याचं सगळं शास्त्र त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पण ते अंगी बाणायला वेळ लागला, कारण आमच्या धंद्यात 'नाही' हा शब्द नसतोच. गिऱ्हाइकानं विचारलं, वाघ दिसेल? हो. खोलीतून तलाव दिसेल? हो. मांडूला बिनकांद्याचं जेवण मिळेल? हो, का नाही? 'हो' आधी म्हणायचं आणि सोय मागाहून करायची. बडोद्याहून एका वृद्ध गृहस्थांनी फोन केला, मला निसरपूरला घेऊन चला, आमचं लहानपणचं घर तिथं आहे. मी सवयीनं म्हटलं, हो, का नाही? जुनं गाव धरणात बुडालेलं, तरी बंडूभिया त्यांना घेऊन गेला. नव्या वसाहतीत ते गाडीतून उतरलेच नाहीत. "हे नाही," म्हणाले. मग बंडूभियानं त्यांना धरणाच्या पाण्याच्या काठी नेलं. तिथं ते बराच वेळ बसून राहिले. परत आल्यावर रागावले नाहीत, हे जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "तुम्ही फोनवर 'आता ते नाही' असं सांगितलं असतंत, तरी मी आलोच असतो. फक्त तयारीनं आलो असतो."

शुभाचं या विषयावरचं मत वेगळंच होतं. ती म्हणायची, "साऱ्या जगाला हो म्हणतोस, आणि घरात हाक मारली तर ओ देत नाहीस." शुभा मला नावानंच हाक मारते. आमच्या कॉलेजातली ओळख, त्यामुळे लग्नानंतर 'अहो'वर यायचं तिला जमलं नाही आणि मलाही सुचवायचा धीर झाला नाही. पण हाक ऐकू यायला माणसाचा कान मोकळा लागतो. माझ्या एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात पुढचा फोन. ती स्वयंपाकघरातून "श्रीकांत!" म्हणायची, मग "श्रीकांऽत!" आणि तिसऱ्यांदा ताट आपटायची. ताटाच्या आवाजाला मात्र मी जायचो.

आईचं याच्या बरोबर उलट. तिनं दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव कधी उच्चारलंच नाही. आमच्याकडच्या जुन्या घरांतून समजूत अशी, की बायकोनं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. घ्यायचं ते उखाण्यात, हळदीकुंकवाला चार बायकांनी अडवल्यावर, आणि तेही पुटपुटत. एरवी 'अहो', आणि इतरांशी बोलताना 'हे'. दादा वीज मंडळात होते. फोन वाजला की ते 'हॅलो' म्हणत नसत. रिसीव्हर उचलून खर्जात नुसतं "यशवंतराव" म्हणायचे. स्वतःच स्वतःला राव लावणारा तो एकच माणूस मी पाहिला. आई स्वयंपाकघरातून ते ऐकून हसायची. घरात ते नाव उच्चारलं जायचं ते तेवढंच.

दादा गेल्यावर तरी काही बदलेल असं मला वाटलं होतं. आमच्या कंपनीची श्रीलंकेची सहल निघाली तेव्हा मी आईचा पासपोर्ट काढायला घेतला. खिडकीमागच्या माणसानं विचारलं, "माताजी, पति का नाम?" आई गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "बेटे का नहीं, पति का." शेवटी आईनं त्याच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि कागदावर नाव लिहून दिलं. तो मला हळूच म्हणाला, "पहले बताना था न भाईसाब, कि माताजी बोल नहीं पातीं." बाहेर आल्यावर मी म्हटलं, आई, आता दादांचं आयुष्य कुठं कमी व्हायचंय? ती म्हणाली, "ते असताना राखलं, ते गेल्यावर मोडू होय?"

एवढं सगळं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे मी मंत्र्यांना जे सांगितलं त्याचं कारण कळेल.

सरकारात गेल्यावर पहिली गोष्ट शिकलो ती ही, की तिथे तक्रार ओरडत नाही, हळूहळू फुगते. मांडूच्या प्रतिध्वनीबद्दल तक्रारी येऊन फुगू लागल्या होत्या. 'हाक मारली, काही ऐकू आलं नाही.' मी जाऊन बघितलं. रस्त्याला खेटून गाड्या लागलेल्या, हॉर्न, कणसं भाजणाऱ्यांचे पुकारे, चार जागी चार गाणी. जोशींच्या वेळी एक इंजीन होतं, आता शंभर होती. कैलास मफलर सोडून मला घसा दाखवू लागला. "साब, पहले एक आवाज में काम हो जाता था. अब तो दिनभर गला फाड़ो, फिर भी पब्लिक बोलती है, भिया ये तो फर्जी है."

यावर आमच्या कार्यालयात एक योजना तयार झाली. इंदूरच्या एका कंपनीनं यंत्र बसवून द्यायचं कबूल केलं. खांबावर माइक, आणि खोट्या दगडांत दडवलेले लाउडस्पीकर. तुम्ही हाक मारायची, यंत्र ती धरून ठेवणार आणि तीनदा परत देणार. कितीही गोंगाट असो, गॅरंटी. आमच्या खात्याचे मंत्रीजी खूश झाले. हिवाळ्यात मांडूला मोठा उत्सव भरायचा होता, त्यात उद्घाटन करायचं ठरलं. वर्तमानपत्रांना कळवून झालं. करारावर फक्त माझी सही राहिली होती, आणि ती मी देणार होतो. खोटं कशाला सांगू? मला ती योजना फारशी पटली नव्हती, पण वाईटही वाटली नव्हती. छापलेलं देता येईल, जोशी फुली मारणार नाहीत, असाच विचार केला.

आणखी एक कारण होतं. मार्चमध्ये माझी मुदत संपत होती. उदयनगरच्या जंगलातल्या गावांमधून लोकांच्या घरीच पाहुण्यांनी राहायचं, बाग नावाच्या गावातल्या कापडछपाईवाल्यांकडे चार दिवस राहून काम बघायचं, अशी घरं मी गावोगाव हिंडून जमवत आणली होती. काम अर्ध्यावर होतं आणि ते माझ्या हातून पुरं व्हावं अशी मनापासून इच्छा होती. मुदत वाढवणं मंत्रीजींच्या हातात होतं. शिवाय कैलासलाही यंत्र हवंच होतं. त्याला ऑपरेटरची पक्की सरकारी नोकरी मिळणार होती. "बटन दबाऊंगा साब, और गला घर पे रखूंगा," असं तो ज्याला-त्याला सांगत सुटला होता. म्हणजे सगळ्यांचं भलं होणार होतं आणि मधे फक्त माझी सही होती.

उत्सवाच्या आदल्या दिवशी यंत्राची चाचणी होती. मंत्रीजी स्वतः येणार होते. आई मांडूला जुन्या नावानं मांडवगडच म्हणते. तिला हे कळल्यावर ती म्हणाली, "साऱ्या मुलखाला मांडवगड दाखवलास, मला नेलं नाहीस. ह्यांनीही नेलं नाही. म्हणायचे, जाऊ की, मांडवगड कुठं पळून जातो होय?" मग मी सरकारी गाडीतून पुढे गेलो, आणि आई आणि शुभा आमच्या घरच्या गाडीतून बंडूभियाबरोबर मागून आल्या. धारला थांबून त्यांनी पोहे खाल्ले, त्यामुळे ऐन चाचणीच्या वेळेला पोचल्या.

मंत्रीजींचा एक गुण सांगायला हवा. म्हातारं माणूस दिसलं की ते वाकतात, आणि तो देखावा नसतो. आई गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "वाह, माताजी आ गईं! बस, पहली आवाज आप ही लगाएंगी." आईला माझ्याकडे बघायलाही वेळ मिळाला नाही. कंपनीच्या इंजिनिअरनं तिला माइकसमोर उभं केलं. पोलिसांनी गर्दी मागे सारली. जनरेटर धडधडायला लागला.

"माताजी, किसी का भी नाम पुकारो," इंजिनिअर म्हणाला.

"कुणाचं?" आईनं मराठीतच विचारलं.

मंत्रीजी हसत म्हणाले, "बाबूजी का पुकारिये!"

आईनं पदर सारखा केला. मला वाटलं, आता इथं पासपोर्टच्या खिडकीसारखं होणार. पण ती माइककडे वाकली आणि चांगली खणखणीत हाक मारली, "अहो!"

यंत्रानं काम चोख केलं. खोट्या दगडांतून "अहो! अहो! अहो!" असं तीनदा आलं, स्वच्छ, जसंच्या तसं. टाळ्या वाजल्या. मंत्रीजींनी इंजिनिअरच्या पाठीवर थाप मारली. आई मात्र तशीच उभी होती.

"हे तर माझंच मला आलं," ती म्हणाली. "ते मला 'अहो' कशाला म्हणतील?"

माइक चालू होता. दगडांनी तिचं हे म्हणणंही तीनदा ऐकवलं. टाळ्या वाजवणारे हसायला लागले. मंत्रीजींनी मला विचारलं, माताजी क्या बोलीं? मी सांगितलं. तेही हसले. इंजिनिअर गडबडला, त्याला वाटलं यंत्रात काही बिघाड सांगताहेत. त्यानं जनरेटर बंद करायला सांगितलं, तारा तपासायला.

जनरेटर थांबला. पोलिसांनी गाड्या आधीच दूर ठेवलेल्या होत्या. कणसंवाल्यांना उठवलेलं होतं. त्या जागेवर मी किती वेळा गेलो असेन, पण अशी शांतता मी तिथे त्याआधी ऐकली नव्हती. समोर महाल ऊन खात उभा. माकडं भिंतीवरून आमच्याकडे बघत होती.

आई शुभाला म्हणाली, "सूनबाई, जरा धर मला." शुभानं हात दिला. आई माइक सोडून चार पावलं पुढे, कडेला गेली. मी मागोमाग गेलो तर म्हणाली, "तू तिकडं तोंड कर." मी केलं. वयाची साठी जवळ आलेला, सरकारी गाडीतून फिरणारा माणूस मी, मंत्र्यांसमोर आईकडे पाठ करून उभा राहिलो. पाठीमागे आई हळू आवाजात उखाणा म्हणत होती, देवासच्या टेकडीवरच्या दोन देवींवरचा, लग्नातला असावा.

"टेकडीवर दोघी बहिणी, पायथ्याशी गाव, ओठांवरती जपून ठेवलं एकच नाव..."

आणि पुढचा शब्द ती पुटपुटली नाही. सगळा श्वास लावून तिनं हाक मारली.

"यशवंतराऽव!"

क्षणभर काही नाही. मग महालाकडून आलं, "यशवंतराव." एकदाच. तिचा आवाज बारीक, चिरका. आलेला तसा नव्हता. दगडावरून परत येताना बारीक आवाज वाटेत सांडून जातो, जाड तेवढा उरतो. खर्जातला, थोडा घोगरा, सावकाश आलेला तो शब्द मी ऐकला. आमच्या जुन्या घरातला काळा फोन मला दिसला.

आई वळली. चेहरा असा, की लग्नाच्या फोटोतसुद्धा तसा नाही.

"ऐकलंस? फोन उचलल्यावर असंच म्हणायचे," ती म्हणाली. "ओ दिली रे त्यांनी."

शुभा रडत होती. मी रडलो नाही असं लिहिणार होतो, पण बंडूभिया हे वाचून घेणार आहे, तेव्हा राहू दे. मंत्रीजी बराच वेळ महालाकडे बघत होते. मग त्यांनी जोडे बाजूला काढले, का ते त्यांनाच ठाऊक, आणि एकटेच कडेला गेले. त्यांनी कुणाला हाक मारली ते मी ऐकलं, पण ते त्यांचं आहे. उत्तर त्यांनाही आलं.

परत आल्यावर मात्र ते पुन्हा मंत्री झाले. "चलो, मशीन ठीक हो गई? कल फीता काटना है. आप साइन कर दीजिए."

मी म्हटलं, "नाही साहेब."

बोलून गेलो आणि मलाच नवल वाटलं. मराठीत म्हणालो होतो. मग हिंदीत सगळं सांगितलं. यंत्र माणसाला त्याचाच आवाज परत देतं. तो तर त्याच्याकडे आहेच. इथे लोक त्यासाठी येत नाहीत. महालात बिघाड नाही, आपण त्याला बोलू देत नाही एवढंच. गाड्या मागे न्या, कणसंवाल्यांना मागे चांगली जागा द्या, जनरेटर उचला. काम फुकटात होईल, फक्त फीत कापायला काही राहणार नाही.

"आप समझ रहे हैं न, क्या बोल रहे हैं?" मंत्रीजींनी हळू विचारलं. "मार्च आ रहा है."

"समजतंय साहेब."

ते गाडीकडे निघाले. जाताना आईच्या पाया पडले आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी उत्सवात त्यांनी एका बागेची फीत कापली. यंत्र पुढे एका शहरातल्या मुलांच्या बागेत लागलं आणि तिथे ते फार छान चालतं असं ऐकतो. मुलांना आपलाच आवाज ऐकायला आवडतो, त्यात काही वावगं नाही. गाड्या मात्र मागे गेल्या. माझ्या सहीनं झालेलं ते शेवटचं काम. मार्चमध्ये मुदत वाढली नाही आणि मी देवासला घरी आलो. उदयनगरची आणि बागची घरं माझ्या मागून आलेल्या साहेबांनी पुरी केली, नाव वेगळं दिलं. मी एकदा पाहुणा म्हणून राहून आलो. मी कोण हे सांगितलं नाही. मक्याची भाकरी उत्तम होती. आपल्या हातून झालं असतं तर, असं त्या रात्री वाटलं खरं, पण दुसऱ्या भाकरीपर्यंत ते टिकलं नाही.

कैलासचं काय, ते सांगायला हवं, कारण त्याची पक्की नोकरी माझ्या 'नाही'नं गेली. मागच्या वाहनतळावर त्याला ठेवून घ्यायला मी लावलं, एवढं मला जमलं. त्याचं काम आता लोकांना गप्प बसवणं. परवा भेटला तर मफलर तसाच. "क्या साब, पहले चिल्लाता था, अब दिनभर 'चुप रहो, चुप रहो' चिल्लाता हूं. गला तो वहीं का वहीं है." पण सांगताना टोपी सारखी करत होता. मुलीचं कॉलेज चालू आहे म्हणाला.

आई बरी आहे. दर हिवाळ्यात एकदा मांडवगडाला जायचं ठरलेलं असतं. बंडूभिया गाडी दूर लावतो, इंजीन बंद करतो आणि आपण होऊन तोंड फिरवून उभा राहतो. घरी आल्यावर तिचं पूर्ववत सुरू. मागच्या वर्षी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो. बाबूनं पतीचं नाव विचारलं. आईनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "त्याला विचारा."

हे सगळं मी गेले काही दिवस बैठकीत बसून लिहितोय. काल इथपर्यंत आलो होतो आणि पुढे कसं संपवावं याच्या विचारात होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून शुभाची हाक आली, "श्रीकांत!"

मी म्हटलं, "ओ!"

आतलं भांडं थांबलं. मग चपलांचा फटफट आवाज करत शुभा धावतच बाहेर आली, हाताला कणीक तशीच.

"काय झालं?" तिनं घाबरून विचारलं. "बरं नाही का वाटत?"